फोर

बुलढाण्याच्या जिमखान्यामागे एक माळ होता, थेट घाटाच्या तोंडापर्यंत गेलेला. गोऱ्या साहेबांनी आपल्या अमदानीत तिथे गोल्फसाठी नऊ खड्डे खणून ठेवले होते. साहेब गेले, खड्डे राहिले. पुढे वऱ्हाड मुंबई राज्यात आलं, मग महाराष्ट्र झाला, तरी खड्डे होते तिथेच होते, आणि बदलीवर येणारा एखादा काळा साहेब त्यांच्याभोवती काठी घेऊन फिरताना अधूनमधून दिसे. गावातली माणसं त्या खेळाला साहेबाचा विटीदांडू म्हणत. यात विटी नाही, गडी भांडत नाहीत, हरलेल्यावर राज्य येत नाही, मग खेळायचं तरी कशासाठी, असा त्यांचा रास्त प्रश्न होता.

पावसाळ्यात मात्र हा विटीदांडू बंद असे. माळावर गवत माजायचं, त्याचा लिलाव व्हायचा आणि लिलाव घेणाऱ्याने लावलेल्या बाया डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन दिवसभर गवत कापायच्या. चेंडू नाही की साहेब नाही, त्यामुळे त्या निर्धास्त असत.

त्या वर्षी श्रावणात झड लागली होती. सूर्य कुठे गेला ते कोणाला ठाऊक नव्हतं. भिंतींना ओल आली होती, चुलीत लाकूड पेटत नव्हतं, आणि घाटातून वर येणारा वारा छत्र्या उलट्या करत होता. नेमक्या अशा रविवारी कलेक्टर भडकमकर साहेबांना गोल्फ खेळायची हुक्की आली. त्यांची मुंबईला बदली झाली होती, दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचं होतं, आणि जाण्याआधी या माळावर एक शेवटचा डाव टाकल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. त्यांच्या नेहमीच्या जोडीदारांपैकी एकाला सर्दी झाली. दुसऱ्याला श्रावणी सोमवारचा उपास आठवला, तोही रविवारी.

राहिले भगवानराव वकील. त्यांना सर्दी होण्याची सोय नव्हती.

भगवानराव मूळचे वडनेर भोलजीचे. घरची शेती, बाप पुंजाजी चार बुकं शिकलेला नाही, आणि सगळ्या भावकीत काळा कोट अंगावर घालणारा हा पहिलाच. बुलढाण्याच्या कोर्टात त्यांचं बरं चाललं होतं. पण बरं चालणं वेगळं आणि सरकारी वकील होणं वेगळं. ती जागा दिवाळीपर्यंत रिकामी होणार होती. नाव मुंबईहून ठरायचं होतं, आणि मुंबईत भडकमकर साहेबांच्या शब्दाला वजन होतं. दुसरे उमेदवार गुलाबराव वकील. ते साहेबांशी रोज संध्याकाळी पत्ते खेळत आणि शिताफीने हरत. भगवानरावांना पत्ते येत नव्हते. म्हणून साहेबांचा शिपाई सकाळी छत्री सावरत दारात आला, तेव्हा त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि कॅनव्हासचे बूट शोधायला लागले.

"एवढ्या पान्यात काऊन जाता?" विमलबाईंनी विचारलं.

"का. का जाता, असं म्हणावं," भगवानराव म्हणाले आणि गेले.

हे 'का'चं प्रकरण वर्षभरापूर्वीचं. साहेबांच्या बंगल्यावर पहिल्यांदा चहाला बोलावलं होतं, तेव्हा उशीर झाला म्हणून भगवानराव नम्रपणे म्हणाले, "मी तर केव्हाचाच येऊन राह्यलो होतो." साहेबांच्या पुणेकर बाईंनी डोळे मोठे केले. "अय्या, येऊन राहिला होता? कुठे उतरला होता? आमच्याकडेच नाही का यायचं?" सगळे हसले. भगवानरावही हसले, कारण हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण ते हसू त्यांना आतून लागलं. त्या दिवसापासून त्यांनी आपल्या तोंडावर पहारा बसवला. 'मले'चं 'मला' झालं, 'त्याले'चं 'त्याला' झालं. अशिलाशीसुद्धा ते छापील बोलू लागले. वडनेरचा एखादा म्हातारा त्यांच्याकडे बघत राही आणि मग दुसऱ्याला हळूच विचारी, "पुंजाजीचाच पोरगा न बे हा?"

माळावर पोचेपर्यंत भगवानराव निम्मे भिजले. साहेब आधीच हजर होते, गुडघ्यापर्यंत मोजे, डोक्याला टोपी, चेहऱ्यावर लहान मुलाचा उत्साह. पाठीमागे काठ्यांची पिशवी खांद्याला लावून नजीर उभा होता. जिमखान्याचा हा जुना माणूस. साहेब बदलत, नजीर तोच असे.

"या, या, भगवानराव! स्कॉटलंडमध्ये असल्याच हवेत खेळतात म्हणे," साहेब म्हणाले.

"हो ना, हो ना," भगवानराव म्हणाले. स्कॉटलंड त्यांनी नकाशातसुद्धा नीट पाहिलेलं नव्हतं.

डाव सुरू झाला, म्हणजे साहेब खेळू लागले आणि भगवानराव चिखलात काठ्या मारू लागले. काठीची मूठ पाण्याने गुळगुळीत झाली होती. चेंडू उडण्याऐवजी जमिनीत रुतत होता. त्यांनी एकदा सगळा जीव एकवटून फटका मारला, तर चेंडू होता तिथेच राहिला आणि गवताचं ढेकूळ मात्र लांब जाऊन पडलं. साहेब खूश झाले. समोरचा वाईट खेळला की माणूस त्याच्यावर प्रेम करू लागतो, एवढं गुलाबरावांकडे बघून भगवानरावांना कळलं होतं. त्यांना मुद्दाम हरावं लागत नव्हतं, हीच काय ती देवाची कृपा.

वारा आडवा लागत होता. मध्येच पाऊस थांबे, मध्येच तिरपा होऊन तोंडावर बसे. दुसऱ्या खड्ड्याच्या पुढे बाया पांगून गवत कापत होत्या. साहेबांनी काठी उचलली तसा नजीर दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "ओऽऽ बाईऽऽ! बाजूले व्हाऽऽ वंऽऽ!"

बायांनी मान वर केली आणि निवांतपणे बाजूला झाल्या. पण साहेबांची काठी हवेतच थांबली होती.

"नजीर, ही काय बाजारातली आरोळी आहे? कितीदा सांगितलं तुला? गोल्फमध्ये एकच शब्द असतो. फोर. जगात कुठेही जा, फोर."

"जी हुजूर," नजीर म्हणाला. हे तो गेली कित्येक वर्षं प्रत्येक साहेबाकडून ऐकत होता, आणि प्रत्येक साहेबाला जी हुजूर म्हणून पुन्हा आपलंच ओरडत होता.

साहेब भगवानरावांकडे वळले. "तुम्ही तरी म्हणा बघू."

"फोर," भगवानराव म्हणाले.

"अंहं. हा तुमचा फळातला फ झाला. वरचे दात खालच्या ओठावर ठेवा आणि वारा सोडा. फ्फ. फोर."

भर पावसात, माळाच्या मधोमध, पस्तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप असलेला हा वकील दात ओठावर ठेवून वारा सोडू लागला. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. नजीरने सभ्यपणे दुसरीकडे बघितलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते काही उगाच नाही.

"जमेल, जमेल," साहेब म्हणाले. "सरकारी वकिलाला उच्चार स्वच्छ हवेत. मुंबईत लोक पहिल्यांदा तेच ऐकतात."

सरकारी वकील! साहेबांनी आपण होऊन तो विषय काढला होता. भगवानरावांच्या अंगात एकदम ऊब आली. बुटांत पाणी होतं, धोतराचा काचा मांड्यांना घासत होता, पण आता त्यांना कशाचंच काही वाटेना. विमलला सांगू, वडनेरला वडलांना तार करू, इथपर्यंत मन धावलं. आणि त्याच आनंदात त्यांनी पुढचा फटका असा हाणला की चेंडू बाजूच्या नाल्यात गेला.

"नजीर, बघ रे," साहेब म्हणाले. नजीर पिशवी ठेवून नाल्यात उतरला.

माळाच्या त्या अंगाला एक हिवराचं झाड होतं. त्याच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधलेली होती, वरून पोतं टाकलेलं. वाऱ्याने झोळी हलत होती. झाडापासून थोड्या अंतरावर एक तरणी बाई वाकून गवत कापत होती. बाकीच्या बाया लांब होत्या. ही मात्र झोळीच्या आसपासच कापत होती, जवळचं गवत राखून ठेवल्यासारखं, थोडं थोडं. भगवानरावांनी ते पाहिलं आणि त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. तिला सरकायला सांगावं, हेही त्यांच्या मनात आलं नाही. ती वाटेत नव्हतीच. साहेबांचा नेम पार उजवीकडे होता.

साहेबांनी मोठी काठी घेतली. शेवटचा डाव, मोठा फटका, मुंबईला जाताना मनात न्यायला. त्यांनी कंबर वळवली आणि मारला. फटका सुरेख बसला. चेंडू उंच चढला, आणि उंच चढला तिथेच घाटातून आलेल्या झोताने त्याला धरलं. उजवीकडे निघालेला चेंडू डावीकडे वळला.

साहेब 'अरे अरे' म्हणाले.

भगवानरावांना सगळं स्वच्छ दिसलं. चेंडू, हिवर, वाकलेली बाई. त्यांचं तोंड उघडलं. घशात जे आलं होतं ते अगदी साधं होतं, वडनेरच्या शेतात बैल उधळल्यावर लहानपणापासून ओरडत आले होते तेच: बाजूले व्हय वं बाई! ते जिभेपर्यंत आलं. आणि तिथे पहारा बसलेला होता. वर्षभर बसवलेला पहारा, एका क्षणासाठी तो थोडाच उठतो? भगवानरावांनी आलेला शब्द गिळला आणि साहेबांनी शिकवलेला शब्द छातीतला सगळा वारा लावून ओरडले.

"फोऽऽर! फोऽऽर!"

दात ओठावर ठेवायला वेळ नव्हता. तो फळातलाच फ होता, आणि त्यातली हवा वाऱ्याने मधल्या मधे उडवून नेली. त्या बाईपर्यंत जे पोचलं ते वेगळंच होतं.

ती ताठ उभी राहिली. तिने साहेबांकडे पाहिलं नाही, वर पाहिलं नाही. विळा टाकला आणि झोळीकडे धावत सुटली. वाकलेलीच राहिली असती तर चेंडू तिच्या पाठीवरून निघून गेला असता. ती धावली ती नेमकी त्याच्या खाली गेली. खोळ मागे पडली होती. आवाज फार मोठा झाला नाही. ओल्या लाकडावर ठोकल्यासारखा एक आवाज आला आणि ती बसली.

भगवानराव पळत गेले, दोनदा घसरून पडले. ती एका हाताने डोळा दाबून दुसऱ्या हाताने चिखलातून झोळीकडे सरकत होती. बोटांमधून रक्त येत होतं, पाऊस ते गालावरून गळ्यापर्यंत पसरवत होता.

"पोर," ती म्हणत होती. "पोरीले काय झालं? पोरीले लागलं काय? कोनं आवाज देल्ला?"

भगवानरावांनी झोळीत डोकावलं. आत तान्ही मुलगी झोपली होती, मूठ तोंडात घालून, कोरडी ठणठणीत.

तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी काय ओरडलं आणि तिने काय ऐकलं, ते दोन्ही एकदम कळलं.

"पोरगी बरी आहे," ते म्हणाले. त्याही वेळी त्यांच्या तोंडून 'आहे'च निघालं.

साहेब काही राक्षस नव्हते. त्यांनी स्वतःचा रुमाल तिच्या डोळ्यावर धरला, स्वतःच्या जीपमध्ये तिला घातलं, लेकराला नजीरच्या हातात दिलं आणि दवाखान्यात डॉक्टर येईपर्यंत व्हरांड्यात ओल्या मोज्यांनी फेऱ्या मारल्या. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, जिवाला धोका नाही, पण डोळा गेला. साहेब बाकावर बसले. बराच वेळ ते टोपीतलं पाणी पिळत राहिले.

संध्याकाळी त्यांनी भगवानरावांना बंगल्यावर बोलावलं. खोल्यांमधून बांधलेले पेटारे होते, भिंतीवरच्या तसबिरी काढलेल्या होत्या.

"तिच्या घरच्यांना काय लागेल ते मी देणार आहे," साहेब म्हणाले. "तो प्रश्न नाही. पण दवाखान्यातून पोलिसांना वर्दी गेलीय. उद्या मी निघालो की इथे लोक काय वाटेल ते बोलतील. माझं म्हणणं एवढंच की इशारा दिला होता आणि तो तिला ऐकू गेला होता. तसा तिचा जबाब झाला की विषय संपला. आणि हे खरंच आहे ना, भगवानराव? तुम्ही ओरडलात. मी ऐकलं."

"खरंच आहे, साहेब."

"मग खोटं काहीच करायचं नाही आपल्याला. सकाळी तुम्हीच जा. मी गेलो तर ती घाबरेल, आणि मला तिचं बोलणं अर्धं कळतही नाही." साहेब थकल्यासारखे हसले. "तुमचीच तर भाषा आहे ती."

भगवानरावांनी वर्षभर तोंडावर पहारा ठेवून जे झाकलं, ते साहेबांना पहिल्यापासून दिसत होतं तर.

"आणि तुमचं काम," साहेब दारापर्यंत पोचवायला येत म्हणाले, "मुंबईला पोचल्यावर पहिलं तेच. निर्धास्त राहा."

घरी भगवानराव भरल्या ताटावरून उठले. विमलबाईंनी विचारलं, "काऊन? जेवले काऊन नाही?" त्यांनी या वेळी तिची चूक काढली नाही. तिला ते जास्त काळजीचं वाटलं.

सकाळी झड तशीच होती. दवाखान्याच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि खाटांच्या मधे गळतीखाली भांडी ठेवली होती. बाईचं नाव कोकिळा. अर्ध्या तोंडावर पट्टी, उरलेल्या अर्ध्यावर सूज. नवरा कडूबा खाटेपाशी उकिडवा बसला होता, मांडीवर लेकरू. वकिलाला बघून तो धडपडून उठला.

भगवानराव स्टुलावर बसले. कागद त्यांनी रात्रीच लिहून ठेवला होता. त्यांनी तो वाचून दाखवला, छापील मराठीत. 'चेंडू येत असल्याबाबत आगाऊ इशारा देण्यात आला व तो मला स्पष्ट ऐकू आला.' दोघं नवराबायको त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"म्हणजे," भगवानराव म्हणाले, "तुम्हाला ओरडलेलं ऐकू आलं होतं का?"

"ऐकू आलं न!" कोकिळा एकदम म्हणाली. दुखत असूनही ती कोपरावर रेलून अर्धी उठली. "त्याच्यानंच त वाचली माही पोर. वकीलसाहेब, तुमाले सांगतो, आमाले दोन लेकरं झाले, दोनी गेले. मून हिचं नावच नाही ठेवलं आमी. नाव ठेवलं का नजर लागते. निरं पोर म्हन्तो. पोर दूध पिली, पोर झोपली, असं. अन् काल कोनं तरी आवाज देल्ला, पोरऽऽ पोरऽऽ. म्या म्हटलं, काहीतरी आलं माह्या पोरीवर. धावली. तो गोया झोयीवरच येत होता, साहेब. मी आडवी गेली मून मले लागला."

"देवानंच आवाज देल्ला," कडूबा म्हणाला.

"देव कशाचा? मानसाचा व्हता आवाज." तिने उरलेल्या डोळ्याने भगवानरावांकडे पाहिलं. त्या सुजलेल्या तोंडावर चक्क समाधान होतं. "एक डोया गेला त गेला. दुसरा हाये न. पोर त हाये. आना तो कागद. कुठं लावाचा अंगठा?"

भगवानरावांनी शाईची डबी काढली. तिने अंगठा टेकवला. काळा, ठसठशीत उमटला. काम झालं होतं. खोटं काहीच करावं लागलं नव्हतं.

"तुमी होते न तिथं?" ती अंगठा लुगड्याला पुसत म्हणाली. "कोनं देल्ला हो आवाज?"

नजीर म्हणता आलं असतं. माहीत नाही म्हणता आलं असतं. साहेबांनीच, म्हटलं असतं तर साहेबांचं नाव यांच्या झोपडीत जन्मभर देवासारखं घेतलं गेलं असतं, आणि तेही चाललं असतं.

"म्या," भगवानराव म्हणाले.

वर्षभराने तो शब्द त्यांच्या तोंडातून निघाला, आणि निघाला तो पहाऱ्याला न विचारताच. कडूबाने लेकरू बायकोच्या कुशीत ठेवलं, खाली वाकला आणि त्यांच्या चिखलाच्या बुटांवर डोकं टेकवलं. भगवानरावांनी पाय ओढून घेतले, स्टूल मागे पडलं.

"पाया नोको पडू बे! उठ!" त्यांचा आवाज चढला, शेजारच्या खाटेवरची म्हातारी जागी झाली. "म्या पोर नाही म्हटलं. पोर म्हटलंच नाही म्या! फोर म्हटलं. तो साहेबलोकायचा शब्द हाये. चेंडू आला का तसं म्हनतेत ते. झोयी त माह्या ध्यानातबी नोती तवा. चेंडू झोयीवर जातच नोता, बाई, तुह्यावरून जात होता. तू वाकलीच राहिली असती त..."

इथे ते थांबले. पण जे बोलायचं ते बोलून झालं होतं. रात्रभर छातीवर बसलेला धोंडा उतरला, असं त्यांना क्षणभर वाटलं. आणि लगेच दिसलं की तो उतरला खरा, पण पडला त्या खाटेवर. तिच्याकडे होतं काय? डोळा गेल्याच्या बदल्यात पोर वाचली, एवढा एक हिशेब होता. तोही त्यांनी मोकळं होण्याच्या नादात पुसून टाकला. आता तिचा डोळा फुकट गेला होता.

पोर कुशीत चुळबुळत होती, कोकिळाने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या तोंडावर राग नव्हता. एखादी साधी गोष्ट समजून घेताना लागतो तेवढाच वेळ तिला लागला.

"मंग त्या शब्दाचा अर्थ काय व्हते?" तिने विचारलं.

"बाजूले व्हय. असाच व्हते."

"मंग बाजूले व्हय, असंच काऊन नाही म्हटलं, भाऊ? तुमाले त येते न आपली बोली."

भगवानराव वकील होते. न्यायाधीशांनी अडचणीचा प्रश्न विचारला की ते चष्मा पुसत, एखादा जुना निकाल आठवत, मुद्दा दुसरीकडे वळवत. त्यांनी चष्मा काढला. तो पुसायला कोरडं काही अंगावर नव्हतं. कडूबा एकदा त्यांच्याकडे, एकदा बायकोकडे बघत होता. त्याला अजून नीट कळलं नव्हतं, आणि बायकोला विचारायचं धाडस होत नव्हतं. पत्र्यावर पाऊस वाजतच होता. नर्स आली आणि भरलेलं भांडं उचलून रिकामं ठेवून गेली.

"काऊन?" कोकिळाने पुन्हा विचारलं, अगदी हळू.

मग तिने उत्तराची वाट बघणं सोडलं. पोरीला आणखी जवळ ओढलं आणि पट्टीचा भाग वर ठेवून भिंतीकडे तोंड केलं.

"कागद घिऊन जा," ती भिंतीला सांगितल्यासारखी म्हणाली. "अंगठा लावला न म्या."

भगवानरावांनी पडलेलं स्टूल उभं केलं. शाई वाळली होती. त्यांनी कागदाची घडी केली, कोटाच्या आतल्या खिशात नीट ठेवली आणि साहेबांची गाडी निघायच्या आत बंगल्यावर पोचती केली.